नकाशात पाच फूट, मग पाण्यात किती? (उथळ समुद्रातील नौकानयनाचा एक पाठ)



आजचा पाठ माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो. सातवीला भरती-ओहोटीचा पाठ शिकवून झाल्यावर मी एक छोटी चाचणी घेतली होती. त्यात एक प्रश्न असा होता: "नकाशावर पाण्याची खोली ५ फूट दाखवली आहे. नौकेचा ४ फूट भाग पाण्याखाली असतो. ही नौका तिथून जाईल का?" मला हवं असलेलं उत्तर सरळ होतं. हो, जाईल, खाली १ फूट पाणी उरेल. जवळजवळ सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. एका मुलीने मात्र लिहिलं, "सांगता येणार नाही. पाणी भरतंय की सुकतंय आणि वारा कुठचा आहे, ते आधी बघावं लागेल."

मी तिला शून्य गुण दिले.

आमची शाळा खाडीकाठची. त्या मुलीचे वडील मासेमारी करतात. पेपर हातात पडल्यावर ती माझ्याकडे आली आणि भांडायला नव्हे, तर समजून घ्यायला आल्यासारखी म्हणाली, "सर, बाबा आकडा बघून जात नाहीत, पाणी बघून जातात." मी तिला वजाबाकीचं गणित पुन्हा समजावलं आणि परत पाठवलं. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. तो प्रश्न मी अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्याच्या माहितीवरून तयार केला होता. ती माहिती मी पुन्हा, या वेळी नीट वाचली. तेव्हा लक्षात आलं की वर्गात बरोबर उत्तर एकाच पेपरात होतं, आणि त्याच पेपरात मी शून्य दिला होता.

म्हणून हा पाठ नव्याने मांडतो आहे. सातवी ते दहावीपर्यंत भूगोल, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांना जोडून तो घेता येईल.

फ्लोरिडाच का?

फ्लोरिडा हा अमेरिकेचा आग्नेय कोपऱ्यातला द्वीपकल्पीय भाग. त्याच्या दक्षिण टोकापासून बेटांची एक माळ नैऋत्येकडे गेली आहे. तिच्या टोकाकडचं की वेस्ट हे गाव साधारण साडेचोवीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं वर आहे. मुख्य भूमी आणि ही बेटं यांच्यामध्ये फ्लोरिडा बे नावाचा उपसागर आहे. तो एवढा मोठा पसरलेला आहे, पण त्याची सरासरी खोली फक्त १ मीटरच्या आसपास! मोठ्या माणसाच्या कमरेइतकं पाणी. कडेला खारफुटी, तळाला समुद्री गवत, मध्ये चिखलाचे आणि वाळूचे उंचवटे. अशा ठिकाणी चूक लगेच दिसते, म्हणून शिकायला ही जागा उत्तम.

दुसरं कारण म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्याचे सागरी नकाशे आणि भरती-ओहोटीची कोष्टकं नोआ ही सरकारी संस्था संकेतस्थळावर सर्वांना मोफत पाहू देते. वर्गात पडद्यावर खरा नकाशा दाखवता येतो. मुलांना आधी एक गोष्ट शोधायला लावा: खोली कोणत्या एककात दिली आहे? फूट, मीटर की फॅदम? १ फॅदम म्हणजे ६ फूट. आपले कोळी बांधव ज्याला 'वाव' म्हणतात, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, ते हेच माप. एकक न बघता आकडा वाचला, तर पुढचं सगळं गणित बरोबर करूनही नौका रुतणार.

नकाशातला आकडा मोजलाय कुठून?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्राची पातळी सतत बदलते. मग नकाशात खोली ५ फूट लिहिली आहे, ती कोणत्या वेळची?

अमेरिकेत यासाठी एक ठरलेली पातळी वापरतात. बहुतेक ठिकाणी दिवसात दोनदा ओहोटी येते. त्या दोनांपैकी जी जास्त खाली जाते तिची नोंद घेतात आणि अशा १९ वर्षांच्या नोंदींची सरासरी काढतात. नकाशातली खोली त्या सरासरी पातळीपासून खाली मोजलेली असते. १९ वर्षंच का? कारण चंद्राच्या कक्षेतला एक फेरा सुमारे १८.६ वर्षांचा असतो आणि त्याचा भरतीच्या उंचीवर परिणाम होतो.

इथे मुलांना थांबवून विचारा: "सरासरी म्हटलं की काय होतं?" काही दिवस सरासरीच्या वर, काही दिवस खाली. म्हणजे पुष्कळ दिवशी सर्वांत नीच ओहोटीला पाणी नकाशातल्या आकड्याहूनही कमी असणार. कोष्टकात अशा वेळी उणे चिन्ह दिसतं. पूर्णांक संख्यांचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

५ + (−०.५) = ४.५ फूट. नौकेला हवेत ४ फूट. उरलं अर्धा फूट. त्यात मागून मोठी नौका गेली आणि लाटेने आपली नौका वर-खाली झाली, तर तळ टेकलाच.

बाराचा नियम

भरती सहा तासांत येते, पण दर तासाला सारखी येत नाही. सुरुवातीला हळू, मध्ये जोरात, शेवटी पुन्हा हळू. खलाशी त्यासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात. एकूण चढ-उताराचे १२ भाग करायचे आणि सहा तासांना १, २, ३, ३, २, १ असे वाटायचे.

मायामीजवळ समुद्राची पातळी साधारण २ फूट, म्हणजे २४ इंच वर-खाली होते. मग दर तासाला पाणी चढेल: २, ४, ६, ६, ४, २ इंच.

आता आपल्याकडे या. मुंबईत उधाणाच्या दिवसांत हा फरक सोयीसाठी ३.६ मीटर धरू. दर तासाला ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३० सेंटिमीटर. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १.८ मीटर पाणी चढतं, माणसाच्या उंचीइतकं! समुद्रात किंवा खडकावर खेळायला गेलेली मुलं 'आत्ता तर घोट्याएवढं पाणी होतं' असं म्हणत का अडकतात, ते या दोन आकड्यांत आहे. पालकांनी हा भाग मुलांसोबत जरूर वाचावा.

हा ठोकताळा सगळीकडे चालत नाही, हेही सांगा. फ्लोरिडा बेच्या आतल्या भागात उंचवट्यांच्या रांगांमुळे भरतीचं पाणी नीट पोचतच नाही. तिथे पातळी ठरवतो तो मुख्यतः वारा.

वारा पाणी पळवतो

हिवाळ्यात फ्लोरिडावर उत्तरेकडून थंड हवेच्या लाटा येतात. जोराचा वारा एकाच दिशेने वाहत राहिला की उथळ पाणी ढकललं जातं. कोष्टकात भरती लिहिलेली असते आणि समोर मात्र चिखल उघडा पडलेला असतो.

याचं टोकाचं उदाहरण सप्टेंबर २०१७ मधलं. इर्मा हे चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पा बेमधलं पाणी वाऱ्याने समुद्राकडे ओढलं गेलं. तळ उघडा पडला. लोक त्यावर चालत गेले. काही मॅनाटी, म्हणजे गवत खाणारे मोठे सागरी सस्तन प्राणी, चिखलात अडकले. वारा फिरला की असं पाणी परत येतं, म्हणून अशा वेळी तळावर उतरणं जिवावर बेतू शकतं.

आता आठवा, त्या मुलीने काय लिहिलं होतं? "पाणी भरतंय की सुकतंय आणि वारा कुठचा." पाठ्यपुस्तकाने मला पहिला अर्धा भाग शिकवला होता. दुसरा अर्धा तिला घरातून आला होता.

पाण्याचा रंग वाचणे

फ्लोरिडाचे जुने नावाडी पाण्याचा रंग बघून नौका हाकतात. गडद निळं म्हणजे खोल. हिरवं म्हणजे मध्यम, बहुतेक छोट्या नौकांना पुरेसं. पांढुरकं म्हणजे खाली वाळू आणि पाणी थोडं. तपकिरी म्हणजे गवत, खडक किंवा प्रवाळ अगदी वर आलेलं, तिकडे जायचं नाही.

यामागचं विज्ञान सोपं आहे. पाणी लाल रंगाचा प्रकाश लवकर शोषून घेतं आणि निळा खोलवर जातो. पाणी जितकं खोल, तितकं निळं. उथळ पाण्यात आपल्याला तळाचाच रंग दिसतो. पण हे वाचायला सूर्य वर आणि पाठीमागे हवा. सूर्य समोर असला की पृष्ठभाग चकाकतो आणि काही कळत नाही. म्हणून तिथे अनोळखी वाटेने सकाळी लवकर पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे जाणं टाळतात. आपल्या खाड्यांचं पाणी गढूळ असतं, त्यामुळे ही युक्ती इथे फारशी चालत नाही. आपले नावाडी लाट कुठे फुटते, पाण्यावर सुरकुती कुठे पडते, ते बघतात.

लाल खूण कोणत्या हाताला?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर एक आतला जलमार्ग आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे. समुद्राच्या बाजूला लांबट बेटं आणि आत शांत पाणी. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून की वेस्टपर्यंत त्याची लांबी सुमारे १,२४० मैल. सरकारने मंजूर केलेली खोली फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट, तिथून मायामीपर्यंत १० फूट आणि पुढे फ्लोरिडा बेमधल्या क्रॉस बँकपर्यंत ७ फूट. हे आकडे मंजुरीचे. प्रत्यक्षात गाळ साचतो, वादळात वाळू सरकते, आणि ठिकठिकाणी पाणी त्याहून कमी असतं.

या मार्गावर लाल आणि हिरव्या खुणा असतात. मुलांना हा भाग फार आवडतो. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला ठेवतात आणि हिरवी उजव्या हाताला. अमेरिकेत याच्या बरोबर उलट, बंदरात शिरताना लाल उजव्या हाताला! जगाचे यासाठी दोन विभाग केलेले आहेत. भारत, युरोप, आफ्रिका 'अ' विभागात, तर अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स 'ब' विभागात. इंट्राकोस्टल मार्गाच्या खुणांवर आणखी छोटे पिवळे त्रिकोण आणि चौकोन असतात. दक्षिणेकडे जाताना त्रिकोण उजवीकडे, चौकोन डावीकडे. दुसरा जलमार्ग येऊन मिळतो तिथे लाल-हिरव्याची बाजू बदलू शकते, तेव्हा या पिवळ्या खुणांकडे बघायचं.

वर्गात बाकांमधून 'जलमार्ग' करा, लाल-हिरवे कागद लावा आणि मुलांना एकदा भारतीय, एकदा अमेरिकन नियमाने चालवा. गोंधळ होईल, हशा होईल, आणि 'खूण वाचण्याआधी नियम कुठला ते विचारा' हे आपोआप ठसेल.

नांगर: वजन किती, की दोर किती?

मुलांना विचारा, नांगर नौकेला कसा धरून ठेवतो? बहुतेक म्हणतील, "जड असतो म्हणून." थोडं खरं आहे. पण छोट्या नौकेचा नांगर तळात रुततो म्हणून धरतो, आणि तो रुततो केव्हा, तर त्याला आडवी ओढ मिळाली तरच. ओढ वरच्या दिशेने लागली की तो उपटला जातो. म्हणून भरपूर दोर सोडायचा, आणि नांगराजवळ काही फूट साखळी लावायची, म्हणजे ओढ तळालगत राहते.

साधारण प्रमाण ७ : १. उंचीच्या सातपट दोर. पण कसली उंची? चूक इथेच होते.

नकाशातली खोली ५ फूट. भरतीला चढणारं पाणी २ फूट. पाण्यापासून नौकेच्या पुढच्या टोकाची उंची ४ फूट. एकूण ११ फूट. ११ × ७ = ७७ फूट दोर.

ज्याने फक्त ५ × ७ = ३५ फूट सोडला, त्याचं खरं प्रमाण ३५ ÷ ११, म्हणजे जेमतेम ३.२ झालं. ७ : १ ला दोराचा तळाशी कोन सुमारे ८ अंश होतो, ३.२ ला सुमारे १८ अंश. ओढ वर लागते आणि रात्री वारा वाढला की नौका नांगरासकट सरकू लागते. खोल पाण्यात पुढच्या टोकाची ४ फूट उंची किरकोळ वाटते. उथळ पाण्यात तीच जवळजवळ खोलीएवढी असते.

कोकणातलं गणितही करून बघा. खोली २ मीटर, भरती ३ मीटर, टोकाची उंची १ मीटर. एकूण ६ मीटर, दोर ४२ मीटर. ओहोटीला पाणी बघून कोणी १४ मीटरच सोडला, तर भरतीला त्याचं प्रमाण अडीचपटसुद्धा राहणार नाही.

आता पायथागोरसचं प्रमेय. ७७ फुटांचा दोर हा कर्ण, ११ फूट ही उभी बाजू. आडवी बाजू = √(५९२९ − १२१) = सुमारे ७६ फूट. त्यात नौकेची लांबी, समजा ३० फूट, मिळवा. १०६ फूट. वारा फिरला की नौका एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात फिरणार. म्हणून नांगर टाकण्याआधी नावाडी त्या वर्तुळातली खोली तपासतो, आणि तीही ओहोटीला किती उरेल ते धरून. फ्लोरिडात थंड हवेची लाट येताना वारा आग्नेयेकडून दक्षिण, पश्चिम असं करत उत्तरेकडे फिरतो. संध्याकाळी आडोसा असलेली जागा पहाटे उघडी पडते. नांगर आत्ताच्या वाऱ्यासाठी टाकायचा नसतो, रात्रीच्या वाऱ्यासाठी टाकायचा असतो.

नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत बघून ठेवतात. थोड्या वेळाने रेषा बिघडली तर नांगर घसरतोय किंवा नौका फिरतेय, हे कळतं. रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा आणि दिवसा काळा गोळा टांगायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

आणि समुद्री गवतावर नांगर टाकायचा नाही. एक तर तो गवतावरून घसरतो. दुसरं म्हणजे ते गवत कोळंबी आणि माशांच्या पिल्लांचं घर आहे. नौकेच्या पंख्याने कापलेली गवताची पट्टी भरून यायला कित्येक वर्षं लागतात. फ्लोरिडा बेचा मोठा भाग एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथल्या काही क्षेत्रांत पेट्रोल-डिझेलचं इंजिन चालवायला मनाई आहे. बांबूसारख्या लांब काठीने ढकलत किंवा छोट्या विजेच्या मोटरने जावं लागतं.

रुतलीच तर?

पहिली इच्छा होते इंजिन जोरात चालवण्याची. तीच सर्वांत मोठी चूक. वाळू इंजिनाच्या थंड पाण्याच्या नळीत ओढली जाते आणि नौका आणखी आत जाते. आधी इंजिन बंद. सगळ्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटं आहेत ना, आत पाणी येतंय का, ते पाहायचं. मग पाणी चढतंय की उतरतंय ते बघायचं. चढत असेल तर नांगर खोल पाण्याच्या बाजूला नेऊन टाकायचा आणि शांत बसायचं, भरतीच नौका उचलते. म्हणूनच अनोळखी वाटेत पाणी चढत असताना शिरतात. उधाणाच्या ऐन भरतीला वर चढून रुतलेल्या नौकेला तेवढं पाणी पुन्हा मिळायला साधारण पंधरा दिवस थांबावं लागू शकतं.

वर्गात आणि घरी काय कराल?

१. परातीत ओली वाळू घ्या. वाकवलेल्या चमच्याला दोरी बांधून तो वाळूत रोवा. आधी दोरी आडवी ओढा, मग वरच्या दिशेने. फरक हाताला कळतो.
२. आठवडाभर रोजच्या भरतीची वेळ लिहा. ती दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे का जाते, ते मुलांनाच शोधू द्या.
३. खाडीकाठी राहत असाल तर एखाद्या अनुभवी नावाड्याला वर्गात बोलवा. त्यांना प्रश्न मुलांनी विचारायचे, शिक्षकांनी मागे बसून ऐकायचं.
४. पाण्यात उतरण्याचा कोणताही प्रयोग मुलांनी मोठ्यांशिवाय करायचा नाही.

मी त्या मुलीचे गुण दुरुस्त केले आणि का केले ते वर्गाला सांगितलं. पुढच्या चाचणीत तोच प्रश्न बदलून विचारला: "ही नौका जाईल की नाही, हे ठरवण्याआधी तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?" या वेळी पेपर तपासायला मजा आली. भरती किती, वारा कुठला, नकाशा कधीचा, एकक कोणतं, माणसं किती बसणार, असे कितीतरी प्रश्न आले.

त्या मुलीने तीनाऐवजी चार लिहिले. चौथा मला सुचला नव्हता: "परत कधी यायचं आहे?"

जाताना पाणी होतं म्हणून येताना असेलच असं नाही. तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर मुलांनी विचारलेले प्रश्न मला जरूर कळवा. उत्तरांपेक्षा मला तेच वाचायला आवडतील.